बंद राउटर, चालू पंप

१

धम्मदीपला वर काढण्याआधी त्याचा उजवा हात कपलिंगमधून सोडवावा लागला. त्यासाठी लागणारा पाना त्याच्याच डाव्या मुठीत घट्ट धरलेला होता.

राहू गावच्या नदीकाठी सप्तधारा उपसा जलसिंचन संस्थेची जॅकवेल आहे. ही खोल विहीर नदीच्या पाण्याशी जोडलेली आहे, आणि तिच्या तळाशी मोटर व पंप बसवलेले आहेत. पंप चालू वा बंद करण्याचे बटण मात्र गावातल्या कार्यालयात, संगणकावर असते. संगणकाचा हुकूम राउटरमधून इंटरनेटवर जातो आणि जॅकवेलमधले पॅनेल तो पाळते. त्या दुपारी संस्थेचा वायरमन धम्मदीप तळाशी बसून मोटर आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगची झिजलेली रबरे बदलत होता. पंप चालू झाला तो तेव्हाच.

पॅनेलने नोंदवलेली माहिती पोलिसांनी पाहिली. हुकूम कार्यालयाच्या संगणकावरूनच आला होता. त्या संगणकावर बसणारी लिपिक होती सायली. धम्मदीपची पत्नी सुरेखा हिने फिर्यादीत तिचेच नाव दिले.

चौथ्या दिवशी शिरूरला ईश्वर पाचंगे यांना फोन आला. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यापासून पाचंगे सर परिसरातल्या पतसंस्था, दवाखाने आणि दूध संकलन केंद्रांना यंत्रे निवडून देत. त्यांचे पत्र असले की खरेदीवर कुणी शंका घेत नसे.

"सर, आनंदराव बोलतोय, सप्तधाराचा चेअरमन. आमच्या हापिसाला एक चांगला राउटर निवडून द्यायचाय."

"सध्याच्या राउटरला काय झाले?"

"सारखा बंद पडतोय. त्यानंच माणूस गेला आमचा. बंद पडला, आपोआप चालू झाला, आन् अडकलेला हुकूम तवाच सुटला. तुमच्या पत्रात एवढं एक वाक्य यायला पायजे. पोरगीबी सुटंल, संस्थाबी सुटंल."

"आनंदराव, मी आधी राउटर पाहतो. वाक्य नंतर."

२

न्हावऱ्यावरून निघून पारगावचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. सर कार्यालयात पोहोचले तेव्हा सायली टेबलाशी बसली होती. समोर संगणक होता, पण तिचे हात मांडीवर होते. संगणकाला हात लावू नये, असे पोलिसांनी तिला बजावले होते. लावायला सांगितले असते तरी तिने लावला नसता.

"मी नव्या राउटरसाठी आलो आहे," सर म्हणाले. "नवा निवडायचा तर जुना का नको, हे मला कळले पाहिजे. हा कधी बंद पडतो?"

सायलीने मान वर केली. "तो बंद पडत नाही, सर. आम्ही बंद करतो."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि धम्मदीपदादा." ती सावकाश बोलू लागली. जॅकवेलमधल्या पॅनेलवर 'जागेवरून' आणि 'कार्यालयातून' अशी फिरवायची एक कळ होती. ती तुटून बरेच महिने झाले होते. खालचा मेन स्विच पाडावा, तर तळातला दिवा आणि झिरपलेले पाणी उपसणारा छोटा पंपही बंद होई. अंधारात, गुडघाभर पाण्यात कुणाला काम करता येत नसे. "मग दादांनीच युक्ती काढली. ते उतरायच्या आधी फोन करायचे. मी राउटरची पिन बोर्डातून उपसून काढायची, आणि वर लाल फडकं टाकायचं. ते वर आल्याचा फोन आला की मगच पिन लावायची. राउटर मेला की हुकूम जायला वाटच नाही."

"हे बाकीच्यांना ठाऊक होते?"

"मीटिंगमध्ये सांगितलं होतं. कुणी ऐकलं, कुणी नाही. मेंबर लोक आले आणि नेट नसलं की म्हणायचे, गेलं का पुन्हा? मी हो म्हणायचे. रोज कुठं समजावत बसणार?"

"आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशीही पिन काढली होती." तिचा आवाज एकदम कोरडा झाला. "फडकं टाकलं. नेट नाही म्हणून पासबुकं घेऊन बँकेत गेले. जाताना कुलूप लावलं. एक किल्ली माझ्याजवळ, दुसरी आप्पांजवळ, म्हणजे चेअरमन आनंदरावांजवळ. आप्पा तेव्हा कवठे येमाईला साखरपुड्याला होते."

पाचंगे सरांनी राउटरकडे पाहिले. बोटभर उंचीची ती काळी डबी स्वच्छ पुसलेली होती.

"हे पोलिसांना सांगितलेस?"

"सांगितलं. साहेब म्हणाले, राउटर बंद होता, ऑफिसला कुलूप होतं, तर पंप चालू झालाच कसा? तूच बटण दाबून गेलीस आणि आता गोष्ट रचतेस." तिने सरांकडे रोखून पाहिले. "सर, मला रात्रंदिवस एकच वाटतं. मी खरंच पिन काढली होती ना?"

३

संस्थेत झाडलोट करणाऱ्या ताईबाई मागच्या ओट्यावर बसल्या होत्या. नव्या राउटरसाठी जागा पाहतो आहे, असे सांगून सरांनी त्यांना विचारले, "मावशी, त्या डबीच्या आसपास तुम्ही रोज झाडता. तिचे दिवे लागलेले असतात का?"

"पोपटी दिवं लागत्यात की. फडकं असलं की न्हाई लागत."

"तो गेला, त्या दिवशी?"

"फडकं व्हतं. मी टेबल पुसाया फडकं उचाललं, तर सायली वराडली माझ्यावर. 'मावशी, दादा खाली हाय, त्याला हात लावू नका.' पिन खाली लोंबत व्हती. मग आमी दोघीबी बाहीर पडलो. कुलूप तिनं माझ्यासमोर लावलं." ताईबाईंनी पदर तोंडाला लावला. "पोलिसाला सांगितलं, तर म्हनला, म्हातारे, तुला काय कळतंय पिनातलं."

सरांनी उरलेला दिवस राउटरला दिला. दौंडहून मागवलेल्या दुसऱ्या संगणकावरून त्यांनी त्याला सतत एकच प्रश्न विचारत ठेवला: आहेस का? प्रत्येक वेळी उत्तर आले. पंखा बंद करून खोली तापवली, तरी उत्तर आले. बोर्डाचे बटण पाडून वर केले. डबी नियमाप्रमाणे उठली आणि पुन्हा कामाला लागली. शेवटी पिन उपसून ठेवली. अर्थातच ती मेली, आणि मेलेलीच राहिली. बोर्डातून काढलेली पिन आपोआप परत बसत नाही; त्यासाठी हात लागतो.

संध्याकाळी त्यांनी साधने पिशवीत भरली. सायली दारात उभी होती.

"काय निघालं, सर?"

"राउटर उत्तम आहे. तो एकदाही अडखळला नाही. बदलण्याचे काही कारण नाही."

सायली दारातून मागे सरली. या उत्तराचा अर्थ तिला सरांच्या आधी कळला होता. यंत्र निर्दोष ठरले, तर दोष द्यायला एकच माणूस उरत होता, आणि तो माणूस म्हणजे ती.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी सर दौंडला गेले. आनंदरावांचा पुतण्या रविराज याचे तिथे मोबाईल आणि कॅमेऱ्यांचे दुकान होते. संस्थेची वायरिंग, संगणक, भिंतीवरचा कॅमेरा, सगळे त्यानेच बसवले होते.

"या सर, बसा. चहा सांगू?" रविराज हसला, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. "काकांनी सांगितलंय, तुम्ही म्हणाल तो राउटर देऊ."

"तू कोणता सुचवशील?"

त्याने काचेखालचा एक खोका बाहेर काढला. "हा घ्या. याच्यात सिमकार्ड बसतंय. लाइनचं नेट गेलं तर सिमवर पळतोय. आत बॅटरी हाय, लाइट गेली तरी चालू."

"संस्थेच्या भिंती दगडी आहेत. रेंजचे काय?"

"त्याची काळजी नको. काकांच्या केबिनच्या माळ्यावर ठेवला की सायलीच्या टेबलापर्यंत फुल्ल येती. खाली ठेवला तर न्हाई येत."

"केबिनच्या माळ्यावर," सरांनी शांतपणे म्हटले. "आणि तुझे मत काय, धम्मदीप कसा गेला?"

रविराजने खोका परत काचेखाली ठेवायला सुरुवात केली, आणि त्याच्या हातून तो दोनदा निसटला. "पाबळला शाळेत आम्ही एका बाकावर होतो, सर. मला नका विचारू."

दुपारी आनंदराव आपल्या केबिनमध्ये भेटले. भरदार, शांत, गोड बोलणारा माणूस. त्यांनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली.

"सर, पत्र झालं का? उद्या सुरेखाला बोलावलंय. तुमचं पत्र तिच्यासमोर वाचू. बाई फिर्याद मागं घेईल, इषय संपेल."

"राउटरमध्ये बिघाड सापडला नाही, आनंदराव."

"सापडवा की." ते हसले. "तुम्ही मास्तर माणूस. बिघाड नसता तर पंप काय भुतानं चालू केला? धम्मदीप पोरगा गुणी हुता, पण निष्काळजी. जाणाऱ्याबद्दल वाईट बोलू नये. राहिली पोरगी. मी तिला वाचवायलाच बघतोय. न्हाईतर मी पोलिसाला सांगितलं नसतं, की दुपारभर बया जाग्यावर नव्हती?"

"तुम्ही तर कवठे येमाईला होता."

"माणूस कुठंबी असला तरी डोळा हापिसावर पायजे." आनंदरावांनी खिशातला मोबाईल काढून टेबलावर ठेवला. "पंगतीत बसल्या बसल्या उघडला कॅमेरा. तिची खुर्ची रिकामी, आन् राउटरवर ते लाल फडकं. नवरीवाणी झाकून ठेवत्यात त्याला. तरी मी पोलिसाला काय बोललो न्हाई."

पाचंगे सरांनी छताकडे पाहिले. कॅमेऱ्याची तार भिंतीवरून सरकत केबिनच्या माळ्यापाशी आली होती. तिथे एक नवा बोर्ड होता. त्याला काहीच जोडलेले नव्हते, आणि लाकडात ताज्या स्क्रूंची चार भोके होती.

"पत्र उद्या सुरेखाबाईंसमोरच देतो," सर म्हणाले.

५

दुसऱ्या दिवशी सुरेखा कार्यालयात आली तेव्हा तिच्यासोबत कुणी नव्हते. पांढऱ्या साडीचा पदर खांद्यावर घट्ट ओढून ती भिंतीला टेकून उभी राहिली. दिलेल्या खुर्चीवर बसली नाही. सायलीकडे तिने एकदाही पाहिले नाही. रविराजला सरांनी मुद्दाम बोलावून घेतले होते. तो दाराशीच थांबला.

"वाचा, सर," आनंदराव म्हणाले.

"वाचण्याआधी एक प्रयोग करू. सायली, त्या दिवशी केलेस तसेच कर."

सायलीने पिन उपसली. राउटरचे हिरवे दिवे विझले. तिने लाल फडके त्यावर पसरले.

"आनंदराव, आता मोबाईलवर कॅमेरा उघडा."

"आत्ता? कशाला?"

"त्या दिवशी पंगतीत उघडला होता ना? तसाच."

आनंदरावांनी मोबाईल हातात घेतला. पडद्यावर एक गोल फिरू लागला. फिरतच राहिला. चित्र आले नाही.

"नेटवर्कचा घोटाळा असंल."

"नाही. कॅमेऱ्याचे चित्र बाहेर जायला एकच वाट आहे, आणि ती त्या फडक्याखाली मेलेली आहे. राउटर बंद असेल तर हे टेबल तुम्हाला कवठे येमाईत दिसू शकत नाही. राउटर चालू असेल तर त्यावर फडके दिसू शकत नाही, कारण फडके पिन काढल्यावरच पडते. ताईबाईंनी लोंबणारी पिन आणि लागलेले कुलूप दोन्ही पाहिले आहे. तरी तुम्हाला फडके दिसले. याचा अर्थ एकच निघतो. या कार्यालयात त्या दिवशी दुसरा राउटर चालू होता."

बाहेर उसाचा ट्रॅक्टर गेला, खिडकीच्या काचा वाजल्या.

"तो तुमच्या केबिनच्या माळ्यावर होता," सर पुढे म्हणाले. "स्क्रूंची भोके तिथे आहेत. तिथून टेबलापर्यंत रेंज येते आणि खालून येत नाही, हे रविराजने मला दुकानात बसून सांगितले. ठेवून पाहिल्याशिवाय हे कुणालाच सांगता येणार नाही."

"रवी, तोंड बंद ठेव," आनंदराव म्हणाले.

पण रविराज दाराच्या चौकटीला धरून खाली बसला होता. "काका, मला न्हाई जमत आता. इतके दिवस झालं, डोळा लागला न्हाई." तो सरांकडे वळला. "काका म्हणाले, हे नेट सारखं जातंय, नवा आधी लावून बघू, चांगला निघाला की कोटेशन आन् ठराव मागनं करू. आमच्याकडं असंच करत्यात, सर. आधी वस्तू, मग ठराव. ठराव नव्हता म्हणून सायलीला सांगितलं न्हाई, ती मीटिंगमध्ये बोलली असती. जुना बंद पडला की कॉम्प्युटर आन् कॅमेरा आपोआप नव्यावर जातील असं मी करून ठेवलं. मला वाटलं, मी सोय करतोय. तो बंद कशासाठी पडतोय, हे मला ठाऊकच नव्हतं."

सायलीच्या तोंडून एक अस्फुट आवाज निघाला.

"तिने जुना राउटर बंद केला, आणि त्याच क्षणी नवा पुढे आला," सर म्हणाले. "ती समजली, वाट बंद झाली. वाट उघडीच होती. आता राहिला तो हुकूम. तो संगणकावरून गेला हे खरे, पण संगणकाला फोनवरूनही हुकूम देता येतो. त्यासाठी लागणारे ॲप कोणाच्या फोनवर आहे?"

"सायलीच्या नाही," रविराज म्हणाला. "फक्त काकांच्या."

आनंदरावांचा चेहरा आता गोड राहिला नव्हता. "पाण्याची पाळी हुती माझी," ते हळूच म्हणाले. "खालच्या पट्ट्याला पाणी यायचं हुतं. गड्याचा फोन आला, पाट कोरडा हाय. कॅमेरा उघडला तर हिथं कुणी न्हाई. मीच बटण दाबलं. मला काय माहीत, खाली माणूस हाय?"

"आप्पा," सायली प्रथमच मोठ्याने बोलली, "मीटिंगमध्ये मी सांगितलं होतं. तुम्ही समोर होता. फडकं आहे म्हणजे माणूस खाली आहे. तुम्ही हसला होता."

"हसलो हुतो." आनंदरावांनी मोबाईल उलटा ठेवला. "वाटलं, सोंग हाय. फडकं टाकायचं आन् गावभर हिंडायचं. रोजचंच हाय, म्हणलं."

"म्हणजे फडके दिसले, त्याचा अर्थ सांगितलेला होता, आणि तरी बटण दाबलेत," पाचंगे सर म्हणाले. "संध्याकाळी बातमी कळल्यावर माळ्यावरचा राउटर काढून नेलात. मग मला नवा राउटर निवडायला बोलावलेत, म्हणजे नवा कधी आलाच नव्हता असे दिसावे."

६

सरांनी पत्र टेबलावर ठेवले. त्यात लिहिले होते की जुना राउटर चांगला आहे व तो बदलू नये. त्याऐवजी पॅनेलची तुटलेली कळ बदलावी, आणि खाली उतरणाऱ्याने स्वतःच्या किल्लीने बंद करावे असे कुलूप तिला बसवावे. त्याखाली घटनेचा क्रम होता. एक प्रत पोलिसांसाठी होती. रविराजने माळ्यावरचा राउटर दुकानातून आणून देण्याचे कबूल केले. आनंदराव खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांच्याकडे आता कुणी पाहत नव्हते.

सुरेखा भिंतीपासून हलली. ती सायलीच्या टेबलापाशी आली आणि फडक्याकडे पाहत उभी राहिली.

"शेवटचा फोन तुला झाला त्यांचा," ती म्हणाली. "काय म्हणाले?"

सायलीने लोंबणारी पिन हातात घेतली. "म्हणाले, उतरतोय. पिन काढलीस ना? मी म्हटलं, काढली. तर म्हणाले, तशी नको सांगूस, उठून बघून ये. मी उठले. हात लावून बघितलं. परत फोन घेतला आणि म्हटलं, बघितली दादा, बाहेर आहे. मग म्हणाले, बरं, आता उतरतो." तिचे डोळे वाहू लागले. "वहिनी, मीच त्यांना सांगितलं, उतरा म्हणून."

सुरेखाने फडक्याला हात लावला.

"म्हंजी त्यांनी इचारलं व्हतं."

"हो."

"आन् एकदा सांगून भागलं न्हाई. तुला उठवून बघाया लावलं."

"हो, वहिनी."

सुरेखाने पहिल्यांदा तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग ती पाचंगे सरांकडे वळली. "सर, मला ठाण्यात जायचंय. फिर्यादीतलं हिचं नाव काढायचं हाय, आन् दुसरं घालायचं हाय. पर आजून एक लिव्हायचं राहिलंय."

"काय?"

"इतके दिवस झालं, ह्या गावात जो तो मला सांगतोय, तुझा माणूस निष्काळजी व्हता." तिने डोळे पुसले नाहीत. "निष्काळजी माणूस इचारत न्हाई. त्यांनी दोनदा इचारलं, हे लिव्हा. हिनं उठून बघितलं, हेबी लिव्हा. दोघांनी आपलं काम केलं व्हतं."

सरांनी पेन उघडले आणि पत्राच्या दोन्ही प्रतींवर, सहीच्या वर, ती ओळ सुरेखाच्याच शब्दांत उतरवली. सुरेखाने ती एकदा वाचून घेतली. मग तिने सायलीच्या दंडाला धरले, आणि दोघी ठाण्याकडे जायला निघाल्या.